उन्हाकडची बाजू

१

सोमवारी सकाळी इराईदा कड्यावरून खाली आली आणि माझ्या खिडकीशी उभी राहून तिने नुसतं पाणी मागितलं. तेव्हाच मला कळलं की वर काहीतरी मेलं आहे.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून लिंबर विकते. पेल्यात गोठवलेलं सरबत, दुसरं काही नाही. पण कारेता बेटावर कुणी माझ्या खिडकीशी येऊन पाणी मागत नाही. त्या दिवशी नारळाच्या लिंबरवर भुरभुरायला दालचिनी नव्हती, म्हणून मी आधीच चिडले होते. दोन्या प्रोवीच्या दुकानात विचारलं, तर ती म्हणाली, अख्खी बरणी संपली, पुढच्या आठवड्याच्या बोटीने येईल. म्हणून पहिल्या क्षणी मला वाटलं, इराईदाने दालचिनीवरून नाक मुरडलं; मग तिचा चेहरा पाहिला.

"तीती," ती म्हणाली, "तेर्का तोडली कुणीतरी."

इथली लहानथोर सगळी मला तीती म्हणतात, म्हणजे आत्या, मावशी, जे काय असेल ते. आणि तेर्का म्हणजे हट्टी. पश्चिमेच्या कड्यावर एक निवडुंग आहे, त्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तेर्का म्हणतो. मनगटाएवढ्या जाड, लांबच लांब फांद्या, काटे जवळजवळ नाहीतच, आणि खडकाला असा चिकटलेला की वादळाने कडा पडतो पण तो पडत नाही. आमच्या बेटाबाहेर जगात तो कुठेच नाही. माझ्या आजीच्या काळात तो कडाभर होता. मग कोळसेवाल्यांनी तोडला, दोन वादळांनी कड्यासकट समुद्रात लोटला, रस्त्याखाली थोडा गेला, आणि जी रोपं उगवत ती शेळ्या खात. शेवटी एकवीस फांद्यांचं एक म्हातारं झाड उरलं, आणि त्याच्या पायाशी गेल्या वर्षी उगवलेली दोन रोपं.

इराईदा ही वनखात्याची इथली एकुलती एक माणूस. दर महिन्याला ती वर जाते आणि एका हिरव्या वहीत लिहिते. त्या वहीत रकाने आहेत: झाडं किती, रोपं किती, धोका कुणाचा, राखणदार कोण. धोक्याच्या रकान्यात ती गेली चार वर्षं एकच ओळ लिहीत आली आहे: 'एवारिस्तोच्या शेळ्या.' राखणदाराच्या रकान्यात 'बासिलिओ मास्तर'.

"आणि तिथे कोण उभं होतं, माहितीये?" इराईदाने पाण्याचा पेला खाली ठेवला. "तुमचा कोम्पाई. हातात कोयता घेऊन."

२

एवारिस्तोच्या मुलीची मी धर्ममाता, म्हणून तो मला कोमाई म्हणतो आणि मी त्याला कोम्पाई. हे नातं रक्ताचं नाही, पण रक्तापेक्षा जास्त भांडता येतं. बायको गेली, मुलगी ऑर्लँडोला गेली, आणि त्याच्याकडे तेवीस शेळ्या राहिल्या. त्याने त्यांना आपल्या आत्यांची आणि मावश्यांची नावं दिली आहेत. संध्याकाळी तो "ए रेमेदिओस, ये गं घरी" असं ओरडतो, तेव्हा पाद्रीसुद्धा वळून बघतो, कारण खऱ्या रेमेदिओसला जाऊन तीस वर्षं झाली.

इराईदाने मुख्य बेटावरच्या साहेबाला फोन केला होता. साहेबाने सांगितलं, आधी दोन ताकिदी दिल्यात, आता तिसरी नाही. शनिवारी सकाळच्या बोटीने सगळ्या शेळ्या उचला. दुसरा कुणी गुन्हेगार असेल तर त्याआधी नाव कळवा.

"मग नाव शोध," मी म्हणाले.

"मी काय पोलीस आहे?"

"नाहीस. पण माझ्याकडे खिडकी आहे आणि तुझ्याकडे गाडी. चल."

मी शाळेत सहावीपर्यंत गेले. बाकीचं सगळं या खिडकीने शिकवलं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, कोण गोड खायचं अचानक बंद करतो. माणसाची सवय मोडली की त्याच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असतं, एवढंच मला येतं.

कड्यावर गेलो. फेब्रुवारीचं ऊन, वारा आणि तो खडक. मी लहान असल्यापासून तिथे जे हिरवं झुडुप होतं, त्याच्या जागी गुडघाभर उंचीचे खुंट होते. मला रडू आलं आणि त्याचं मलाच नवल वाटलं. त्या झाडाने मला कधी सावलीसुद्धा दिली नव्हती.

एवारिस्तो तिथेच दगडावर बसला होता. त्याने सांगितलं ते असं: रेमेदिओस खडकाच्या फटीत अडकली होती, तिला सोडवायला झुडपं तोडत तो इथवर आला आणि समोर हे. "कोमाई, मी या झाडाला शिव्या दिल्यात," तो म्हणाला. "मेल्या, तुझ्यापायी माझ्या बायांना इथे चरता येत नाही, असं म्हटलंय. पण शिव्या आपण आपल्या माणसालाच देतो ना."

मी त्याचा कोयता मागून घेतला. बोथट इतका की त्याने लोणीसुद्धा चिरडलं असतं. मग खाली वाकून खुंट पाहिले. एकेक काप सरळ, गुळगुळीत, बारीक दातांच्या करवतीचा. कोयत्याचा घाव तिरका बसतो आणि कड फाटते. इथे एकही कड फाटली नव्हती.

"हे बघ, पोरी," मी इराईदाला बोलावलं. बहुतेक खुंटांवर, कापाच्या जरा खाली, कोळशाची एक उभी रेघ होती. कुठे पुसट, कुठे ठळक, पण सगळ्या रेघा एकाच बाजूला. दक्षिणेला.

"कुठे कापायचं त्याची खूण केली असेल," ती म्हणाली.

"मग आडवी केली असती."

तिने वहीत नोंद केली खरी, पण तिचं लक्ष दुसरीकडे होतं. खाली लाटांजवळ खडकावर एक काळा डाग होता, काहीतरी जाळल्याचा. तिला तो एवारिस्तोच्या चुलीचा वाटला. मी राख चाळली. माशाचा काटा नाही, हाड नाही. फक्त फुगून वेड्यावाकड्या झालेल्या शेंड्यांचे अर्धवट जळलेले तुकडे.

आणि खुंटांच्या पायाशी, शिंपल्यांच्या गोल कुंपणात, ती दोन बोटभर रोपं जशीच्या तशी. त्यांच्याभोवतीची माती अजून ओलसर होती.

तेर्का तोडणाऱ्याने जायच्या आधी तिच्या पोरांना पाणी पाजलं होतं.

३

इराईदाच्या यादीत आणखी दोन नावं होती.

पहिला लिसांद्रो. कड्यामागची जमीन त्याची. तिथे त्याला पाहुण्यांसाठी सहा खोल्या बांधायच्या आहेत, आणि तेर्कामुळे चार वर्षं परवानगी अडली आहे. तो आम्हाला ओसरीत बसवून कॉफी देत राहिला आणि आपल्या नशिबाबद्दल बोलत राहिला. झाड तोडून त्याचा फायदा झाला असेल, असं इराईदाने सुचवलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, त्याच्या वकिलाने त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं: झाड मेलं तरी जागा राखीवच राहते, वर चौकशी लागते ती वेगळीच. "मला ते झाड मेलेलं नकोय," तो म्हणाला. "मला ते वीस पावलं डावीकडे हवंय. तुम्ही त्याला विचारून बघा."

वाईट माणूस नाही. आळशी आहे. करवत घेऊन कडा चढेल, असं त्याच्या बायकोलाही वाटत नाही.

दुसरा यामिल. हा मुख्य बेटावरून आलेला फोटोवाला, दोन्या प्रोवीच्या दुकानावरच्या खोलीत उतरलेला. दहा दिवस तो तेर्काचे फोटो काढत होता. त्याचा उपयोग झाला: शुक्रवारी सकाळच्या फोटोत झाड सबंध उभं होतं; काही शेंडे वाकडे होते, पण इराईदा ते खाऱ्या वाऱ्यावर ढकलत आली होती. म्हणजे झाड शुक्रवार ते सोमवारच्या मधे तोडलं गेलं. इराईदाने त्याची बॅग उघडायला लावली. तो रागावला. म्हणाला, दुर्मीळ निवडुंग चोरणाऱ्यांना तो ओळखतो, परदेशात एकेका रोपासाठी वेडी होणारी माणसं असतात. पण असा चोर मोठ्या झाडाला हात लावत नाही. "खिशात मावेल ते नेतात. मी चोर असतो तर ती दोन रोपं नेली असती, लांबलचक फांद्या घेऊन बोटीत चढलो असतो का?"

"'असतो तर' कशाला? नाहीस का?" इराईदाने विचारलं.

 मग त्याने सदऱ्याच्या खिशातून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. आत अकरा काळ्या बिया होत्या, तेर्काच्या फळातल्या. त्याचे कान लाल झाले होते. इराईदाने डबी घेतली आणि त्याला असं काही सुनावलं की खालून दोन्या प्रोवीने दुकानातला रेडिओ बंद केला.

पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि ते आम्हा दोघींनाही कळत होतं. शिवाय मला दुसरी गोष्ट खुपत होती. पौर्णिमा बुधवारी होऊन गेली होती. आमच्याकडे जे टिकवायचं-जगवायचं ते उतरत्या चंद्रात कापतात, म्हणजे कापाला कीड लागत नाही आणि तो कुजत नाही. घराचे वासे, केळीचे घड, वेलींची छाटणी, सगळं तसंच. दहा दिवस आलेला पाहुणा चंद्राची वाट बघत नाही.

तेवढ्यात मला जळका वास आला. दोन घरं सोडून माझं स्वयंपाकघर. मी धावत गेले. तुरीच्या दाण्यांचा भात तळाला लागला होता.

"ही दुसरी वेळ या आठवड्यात," मी इराईदाला म्हटलं. तीस वर्षं मी चर्चची बाराची घंटा झाली की भात उतरवते. घड्याळ मी घेतलंच नाही. आणि घंटा रविवारपासून वाजलीच नव्हती.

४

बुधवारी मी बासिलिओ मास्तरांकडे गेले. तेर्काचे राखणदार तेच. मला सहावीपर्यंत त्यांनीच शिकवलं. सातवीत बसवायला ते आमच्या घरी तीनदा आले होते आणि तिन्ही वेळा माझ्या वडिलांनी त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. आता ते एकोणऐंशीचे आहेत. चर्चची घंटाही तेच वाजवतात, कारण बाकी कुणाला जिना चढायचा नसतो.

त्यांच्या फाटकावर एक पिताहायाचा, म्हणजे निवडुंगाच्याच जातीच्या ड्रॅगन फ्रूटचा, वेल असे, गेल्या वर्षी त्यांच्या धर्मपुत्राने मुख्य बेटावरून आणलेला. इथे कुणाकडे जायचं तर हातात एखाद्या झाडाची फांदी घेऊन जायचं, आणि घेणाऱ्याने आभार मानायचे नाहीत. मानले तर फांदी मूळ धरत नाही. आता फाटक उघडं-बोडकं होतं.

"वेल कुठे गेला?" मी विचारलं.

"उपटला. जाळला." ते कॉफी गाळत होते, पाठ माझ्याकडे. "भेट म्हणून आला होता, नेमेसिया. भेट तपासून घेता येत नाही."

मी घंटेचं विचारलं. दोर झिजलाय म्हणाले. मी तेर्काचं विचारलं. ते हळूहळू वळले आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या बोटांच्या पेरांत काहीतरी तपकिरी बसलं होतं. मला ते कॉफीचं वाटलं.

"मी शनिवारी होतो तिथे," ते म्हणाले. "मी निघालो तेव्हा ती जिवंत होती."

मग त्यांनी जुनी गोष्ट काढली. दोन वर्षांपूर्वी एका माणसाच्या बॅगेत रानातली ऑर्किडची सहा झाडं सापडली होती, आठवतं का? मला आठवत होतं. इराईदाने पकडून दिलं होतं त्याला. खात्याने ती झाडं पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बंद करून शिक्का मारला, आणि खटला उभा राहीपर्यंत पिशव्यांत फक्त काळं पाणी उरलं. ती पोर माझ्या खिडकीशी उभी राहून रडली होती.

"एवारिस्तोच्या शेळ्या शनिवारी न्यायच्यात," मी म्हटलं.

मास्तरांचा पेला बशीवर वाजला. "शनिवारी? कोण म्हणतं?"

"साहेब. आठच्या बोटीने."

 "सकाळी आठ," ते स्वतःशीच म्हणाले, शाळेत बेरीज तपासायचे तसे. "चालेल. तेवढं पुरे होईल."

काय पुरे होईल, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. पण ज्याने आपल्याला अक्षर शिकवलं, त्याला खोदून विचारणं जमत नाही.

५

शुक्रवारी दुपारी एवारिस्तो शेळ्यांना आंघोळ घालत होता. तेवीसच्या तेवीस. साबण लावून. "तिकडे कुणी म्हणायला नको, की आमच्या आत्या मळक्या आल्या," तो म्हणाला, आणि रेमेदिओसच्या कानामागे घासत राहिला. मी त्याला दोन लिंबर दिली. एक त्याने तिला चाटवलं.

घरी परतताना मी उन्हाच्या बाजूने चालत होते आणि माझा डावा गाल भाजत होता. उजवा थंड होता. मी रस्त्याच्या मधोमध थांबले.

दक्षिणेकडची बाजू. उन्हाची सवय झालेली बाजू. निवडुंगाची एक बाजू वर्षानुवर्षं ऊन सोसून राठ होते आणि मागची कोवळी राहते. फांदी दुसरीकडे लावताना फिरली, तर कोवळी बाजू उन्हात येऊन करपते. म्हणून जाणकार माणूस फांदी कापायच्या आधी खूण करतो: ही बाजू उन्हाकडे. रेघ इतकी लांब ओढतो की अर्धी फांदीवर जाते आणि अर्धी खुंटावर राहते. हे मला मास्तरांनीच दाखवलं होतं, शाळेच्या बागेत, मी दहा वर्षांची असताना.

ज्याला झाड मारायचं आहे तो खूण करत नाही. ज्याला विकायचं आहे तो रोपं नेतो. ज्याने तेर्का तोडली, त्याला ती लावायची होती. आणि लावायच्या आधी कापलेली फांदी आठवडाभर सुकवावी लागते, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. कापावर खपली धरेपर्यंत. कुजू नये म्हणून कापावर काय लावतात?

दालचिनी.

मी चर्चचा जिना चढले. एकसष्ट पायऱ्या. माझे गुडघे प्रत्येक पायरीला नावं ठेवत होते. पंचेचाळिसाव्या पायरीवर वास आला, ख्रिसमसच्या गोड भातासारखा. वरच्या पायऱ्यांपाशी एका खिळ्यावर इस्त्री केलेला पांढरा सदरा टांगला होता.

घंटेच्या खोलीला चारी बाजूंनी झरोके आहेत आणि ऊन आत येत नाही. जमिनीवर मासे पकडायची जुनी जाळी अंथरली होती, आणि त्यावर ओळीने फांद्या. प्रत्येकीच्या एका बाजूला कोळशाची रेघ, प्रत्येकीच्या तोंडाला तपकिरी भुकटी. पाय ठेवायला जागा नव्हती. घंटेचा दोर गुंडाळून वर बांधला होता. तो ओढला असता तर खालच्या फांद्या तुडवल्या गेल्या असत्या.

मास्तर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते.

"तुला वेळ लागला, नेमेसिया," ते म्हणाले.

"तुम्ही सातवीत बसवलं असतं तर मंगळवारीच आले असते."

ते हसले, आणि मग त्यांचा चेहरा पडला. त्यांनी सांगितलं. पिताहायाच्या त्या वेलाच्या सांध्यांत पांढरं कापसासारखं काही होतं. त्यांना खरंच कापूस वाटला, बोटीत कशाला तरी घासून लागलेला. ती कीड होती, निवडुंगाचा रस शोषणारी. तिने शेंडे फुगून वाकडे होतात आणि झाड मरतं. मुख्य बेटावर तिने डोंगरच्या डोंगर खाल्ले आहेत. इथे नव्हती. मास्तर रोज वेलाला पाणी घालून त्याच हाताने, त्याच टोपीने, तेर्काकडे जात होते.

"कोळसेवाल्यांपासून वाचली, वादळांतून वाचली," ते म्हणाले. "आणि मी, तिचा राखणदार, रोज तिला मरण नेऊन देत होतो. प्रेमाने."

ऑक्टोबरात त्यांनी मुख्य बेटावरच्या खात्याला पत्र लिहिलं, आजारी फांद्या कापायची परवानगी द्या म्हणून. मग दुसरं. मग तिसरं. उत्तर आलं: विचार चालू आहे. तोवर आठ फांद्या गेल्या. उतरता चंद्र लागल्यावर त्यांनी बाकी तेरा कापल्या, पोत्यात गुंडाळून तीन खेपांत आणल्या, आणि आजारी फांद्या खडकावर जाळल्या.

"इराईदाला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तिला या पिशवीत भराव्या लागल्या असत्या. ती प्रामाणिक पोर आहे. खपली धरायला आठवडा हवा होता, नेमेसिया. उद्या आठवडा होतो. उद्या मी धक्क्यावर येऊन सांगणारच होतो." त्यांनी सदऱ्याकडे पाहिलं. "शेळ्यांचं मला ठाऊक नव्हतं. तू सांगितल्यापासून मी झोपलो नाही."

मी जाळ्याच्या कडेला टेकले. एका फांदीवर हात ठेवला. सुरकुतली होती, पण आत घट्ट होती. म्हाताऱ्या माणसाचा दंड असावा तशी.

"उद्या आठला आला नाहीत," मी म्हटलं, "तर सव्वाआठला मी बोलेन."

"आठला दहा कमी असताना येतो," ते म्हणाले. "मी कधी उशिरा आलो होतो का वर्गात?"

६

धक्क्यावर सगळं गाव जमलं होतं. शेळ्या एका दोराला बांधलेल्या, स्वच्छ, चकाकत्या. त्या दोराचं दुसरं टोक एवारिस्तोच्या हातात, आणि तो ते सोडत नव्हता. इराईदा हिरवी वही छातीशी धरून उभी होती आणि कुणाकडेही बघत नव्हती. बोटीने पहिला भोंगा दिला. आठला सात मिनिटं.

मास्तर नव्हते.

मी चर्चच्या रस्त्याकडे बघत राहिले. आठला पाच. बोटीवरच्या माणसाने फळी टाकली. रेमेदिओसने तिच्यावर एक पाय ठेवून पाहिला आणि काढून घेतला. मी तोंड उघडलं.

आणि घंटा वाजली.

सकाळी आठला चार मिनिटं कमी असताना आमच्या चर्चची घंटा कधीच वाजत नाही. सगळ्यांनी माना वळवल्या. मला तेवढ्यात कळलं: दोर ओढायला जागा झाली, म्हणजे फांद्या उचलल्या. बारा-पंधरा टोले झाले. मग बऱ्याच वेळाने पांढरा सदरा घातलेले मास्तर उतारावरून आले, धापा टाकत, हातात एकच फांदी, बाळ धरावं तशी आडवी.

"उशीर झाला," ते म्हणाले. "भिंतीशी उभ्या करत होतो. इराईदा, तेर्का मी तोडली. परवानगीशिवाय. बाकी बारा वर आहेत. एवारिस्तोने काही केलेलं नाही."

मग त्यांनी किडीचं सांगितलं, वेलाचं सांगितलं, टोपीचं सांगितलं, सगळ्यांसमोर, काही न वगळता. पत्रांचं तेवढं सांगितलं नाही. ते मी सांगितलं.

इराईदाने फांदी हातात घेतली. उलटी करून कापावर अंगठा फिरवला. खपली कोरडी होती, खडूसारखी.

"पुरावा आहे हा," ती म्हणाली.  "नियमाने पिशवीत घालायला हवा."

 मास्तरांनी मान खाली घातली.

"पण पिशव्या संपल्यात," इराईदा म्हणाली. तिच्या खांद्यावरच्या झोळीतून पिशव्यांचा गठ्ठा चांगला वीतभर बाहेर आला होता. साऱ्या धक्क्याने तो पाहिला आणि साऱ्या धक्क्याने समुद्राकडे पाहिलं. "एवारिस्तो, तुमच्या आत्यांना घरी न्या."

बोट शेळ्यांशिवाय गेली. एवारिस्तो मास्तरांजवळ आला, तेव्हा मला वाटलं आता ऐकवेल. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. "ती जुनी जाळून टाका, मास्तर," तो म्हणाला. "हिच्यात शेळीशिवाय काही नाही."

इराईदाने अहवालात खरं तेच लिहिलं, एकही शब्द न झाकता, आणि मास्तरांची तिन्ही पत्रं त्याला जोडली. साहेबाने ताकीद दिली आणि शिक्षा म्हणून चाळीस तास झाडांची निगा राखायचं काम. मास्तरांनी ते नऊ दिवसांत संपवलं आणि आणखी मागितलं.

तेरा फांद्या चर्चच्या मागच्या अंगणात लावल्या, रेघा दक्षिणेकडे करून. आत जाण्याआधी हातपाय धुवायचे, टोपी बाहेर ठेवायची. पहिल्या सोमवारी इराईदाने मोजल्या तर बारा. एक जागा रिकामी, खड्डा नीट बुजवलेला.

तिने माझ्याकडे पाहिलं. चोरून लावलेली फांदी सगळ्यांत चांगली धरते, असं इथे प्रत्येकजण मानतो, आणि माझं नाव त्या बाबतीत फारसं चांगलं नाही. पण या वेळी मी नव्हते.

ती एवारिस्तोच्या घरामागे सापडली. त्याने आपल्या दिवंगत बायकोच्या लोखंडी पलंगाच्या जाळ्या उभ्या करून चौफेर कुंपण केलं होतं, वरून तारा ओढल्या होत्या, फाटकाला कुलूप. मधोमध तेर्काची फांदी, रेघ अचूक दक्षिणेला. कुंपणाबाहेर तेवीस शेळ्या ओळीने बसून आत बघत होत्या.

"फांदी चोरीची आहे," इराईदा म्हणाली.

"हो," एवारिस्तो म्हणाला. "म्हणून तर धरेल."

इराईदा बराच वेळ कुंपणाला हात लावून बघत राहिली, हलतंय का ते. हलत नव्हतं. मग तिने हिरवी वही उघडली. झाडांच्या रकान्यात तेरा लिहिलं. धोक्याच्या रकान्यात सवयीने 'एवारिस्तोच्या शेळ्या' लिहिलं, आणि ते तसंच ठेवलं, कारण ते खरं होतं. मग पेन जरा पुढे सरकवून, राखणदाराच्या रकान्यात बासिलिओ मास्तरांच्या नावाखाली, तिने लिहिलं: 'एवारिस्तो'.

बाराची घंटा झाली. मी भात उतरवायला घरी गेले.